प्रोफेसर व्हिदालींचा अर्धा कण

इटलीतल्या त्र्येस्त शहरात सत्याचा शोध अखंड चालतो. फक्त दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत तो जरा खुर्चीवर टेकतो. आजही टेकला होता, सुजलेला गाल धरून बसलेल्या नीवेसबाईंच्या शेजारी. तिथे प्रोफेसर व्हिदाली आपल्या सहकारी यास्नाला दबक्या आवाजात झापत होते.

"उद्या मंत्री येतायत, यास्ना. शोधनिबंधावर तुझं नाव हवंच."

"माझं नाव नको, सर."

"अगं, अणूएवढ्या पातळ थरात इलेक्ट्रॉनचा अर्धा कण सापडलाय! ठोका, हलवा, तो विस्कटत म्हणून नाही."

"मग आपला सोसाट्याचा बोरा वारा सुटला की नाहीसा का होतो?"

"लाजाळू आहे."

"वा! विस्कटत नाही, पण लाजतो."

"वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांसारखं बोलू नकोस. त्यांना स्वतःच्या किल्ल्या सापडत नाहीत, ते माझ्या कणावर शंका घेणार!"

"शंका माझी आहे, सर."

"मग परवाचा आलेख बघ. इतकं देखणं शिखर जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या पानावर तोच छापतोय."

"परवा मोजताना प्रयोगाच्या फ्रिजमध्ये कुठला तुकडा होता?"

"सात नंबर. आपला हिरा."

"हिरा माझ्या टेबलावर पडलाय. परवा पडताळणीचा दिवस होता. कोरा तुकडा मीच आत ठेवला."

"कोरा?"

"हो."

नीवेसबाई गाल विसरून ऐकू लागल्या.

"अगं, पण शिखर तर आलंय!"

"आलंय ना. फक्त त्या तुकड्यावर थर लावलेलाच नव्हता."