वहिनींच्या मापांसाठी आठ फाइल मॅनेजर

...आणि वर मीच म्हणालो त्यांना, "वहिनी, तुमच्याच हातून पुसलं गेलं असणार." गिऱ्हाइकासमोर म्हणालो हो. तुम्हाला सांगतो, तिथंच जीभ झडायला हवी होती माझी.

तुम्ही म्हणाल, कोण वहिनी, काय पुसलं? सांगतो. आमच्या वहिनी शिवणकाम करतात. घराच्या खालीच दुकान, दोन मशिनी, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात अकरा वर्षांची गिऱ्हाइकांची मापं. तो चालायचा रडतखडत, आणि मी पडलो फुकटचा शहाणा. म्हटलं, तुम्हाला जुनी सिस्टिम काढून मुक्त सिस्टिम घालून देतो, पैसा नको, मालक नको. त्या म्हणाल्या, "भावजी, चाललंय ना त्याचं, चालू द्या की." पण मी ऐकेन तर ना... माणसाला पर्याय असावेत, म्हटलं.

आता या मुक्त सिस्टिमची गंमत अशी, की फोल्डरं बघायची जी खिडकी असते ना, फाइल मॅनेजर, तो तिथं एक नसतो, ढिगानं असतात. एकात शेजारीशेजारी दोन कप्पे, एकात फोल्डरांचं झाड, एक इतका हलका की उघडला कधी ते कळू नये, एकात मागं जायचं बटणच सापडेना... दुपारपर्यंत चार बसवले, संध्याकाळपर्यंत सात. वहिनी मागं उभ्या, गळ्यात टेप, "भावजी, मापं तेवढी उघडून द्या. हॉस्पिटलच्या बेचाळीस नर्सबाईंचे गणवेश शनिवारी द्यायचेत." मी म्हणतो, थांबा हो, आधी नीट निवडू तर द्या. माणसाला पर्याय असावेत.

आणि बघतो तर काय, मापांचं फोल्डरच नाही. सातांतल्या एकातही नाही. पण कबूल कसं करणार? सिस्टिम मी घातलेली, मापांची कॉपी मी केलेली... समोर बाही सैल करून घ्यायला आलेली बाई बसलेली, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. वहिनी काय म्हणाल्या माहितीये? "असेल हो. मला कुठं काय कळतं त्यातलं." आणि टेप घेऊन निघाल्या हॉस्पिटलला, बेचाळीस जणींची मापं पुन्हा घ्यायला.

आणि मी काय केलं? आठवा बसवला. हसा, हसा. मग इंटरनेटवरच्या जाणकारांपुढं गाऱ्हाणं मांडलं, चांगलं तीन पानी, की तुमचे सगळेच मॅनेजर खोटे आहेत. कुणा अनोळखी माणसाचं एका ओळीत उत्तर आलं, "फोल्डरच्या नावाआधी टिंब आहे का?"

होतं. वहिनी कामाच्या फोल्डरला पुढं टिंब द्यायच्या, यादीत सगळ्यात वर राहावं म्हणून. आणि या सिस्टिममध्ये नावाआधी टिंब म्हणजे हे लपवून ठेव, असा हुकूम. दोन बटणं एकदम दाबली, आणि अकरा वर्षं जशीच्या तशी समोर. आठही ठिकाणी. मान खाली गेली ती गेलीच.

धावत हॉस्पिटल गाठलं. एकतिसाव्या नर्सबाई हात पसरून उभ्या, आणि मुख्य नर्सबाई वहिनींना झापतायत, "एकदा घेतलेली मापं हरवतात कशी हो तुमची?" वहिनी मान वर न करता खांदा मोजतायत. मी म्हटलं, वहिनी, सापडलं, तिथंच होतं. त्यांनी टेप काही खाली ठेवली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे मी पुसलं नव्हतं?"

नाही हो वहिनी. चूक माझी होती, असं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं मी. पण ती बाही सैल करायला आलेली बाई तिथं नव्हती ना... तिच्या लेखी वहिनीच वेंधळ्या.

शनिवारी गणवेश गेले. बटणं मी लावली, बेचाळीस गुणिले सहा, बोटं बघा माझी. परवा भीत भीत विचारलं, वहिनी, त्या आठांतला कुठला ठेवू? त्यांनी मशिनीच्या खणातून एक वही काढली, दोनशे पानी, रेघांची. सगळी मापं उतरवून झालेली. "माणसाला पर्याय असावेत, भावजी," म्हणाल्या. वर पहिल्या पानावर मथळ्याआधी चांगलं ठसठशीत टिंब... आणि काय सांगू तुम्हाला, लपलं नव्हतं.