मेहबूबबीच्या नाकाची चौकशी

— ते सगळं खरं, पण आधी मला सांगा डॉक्टरीणबाई, बावड्यात एवढी घरं असताना माझंच घर कुणी दावलं तुमाला? आशाताईनं? व्हय, ती दावणारच — तिची मावशी सिंधुबाई, बाजारात माझ्या शेजारीच मसाला घिऊन बसती. म्हंजे समजलं मला. बरं, बारामतीवरनं आलाय, बसा. आत खोबऱ्याचा कीस ठेवलाय भाजायला, मंद आचंवर, त्याला येळ हाय. इचारा.

भूक? लागती. झोप? येती. सपान? आता सपनाचं आन् करोनाचं काय — बरं, पडतं, आईचं पडतं, लिवा. वात, पित्त, कफ... आवो, सगळ्या गावाला आजार एकच झाला आन् तुमी त्याच्या वाटण्या करताय, भावाभावात रान वाटल्यागत. कुणाच्या वाटणीला काय आलं ते कळून करणार काय? औषध ठरवायला? मग नाव कशाला पायजे? मेहबूबबी लिवलंय न्हवं — ते खोडा. माझ्यादेखत खोडा.

तोंडाला चव? हाय की. वास? — हे कुणी सांगितलं इचारायला? सगळ्यास्नी इचारता? काटेवाडीतबी इचारलं? मसाला करणाऱ्या बाईला वासाचं इचारायचं म्हंजे... लगीन होऊन आले तवापासनं मसाला करतीया मी, पार कळस गावावरनं गिऱ्हाईक येतं. रुक्सारचे अब्बा चुलीपाशी बसत्यात म्हणून गल्ली हसती, म्हातारा बायकोला सोडत न्हाय म्हणती. हसू द्या. त्यांनी ‘हां’ म्हटलं की मी कढई उतरवती, इतकंच — सोबत असती माणसाला. सुनंलाबी म्हाईत न्हाय. काय म्हाईत न्हाय? कायच न्हाय. मी काय बोलले? मिरचीचा ठसका लागतो मला, तसं लिवा. धनं भाजताना नुस्तं हाताला गरम लागतं — ते लिवू नका. सिंधुबाईच्या कानावर गेलं तर माझ्या पाटीकडं कुत्रंबी फिरकणार न्हाय, आन् सून उद्याच हातातलं उलथणं काढून घील. चांगली हाय ओ मेहरीन, पण तिच्या हातचं बसून खायचं भ्या वाटतं मला. लई भ्या वाटतं.

आज रुक्सारचे अब्बा मिरची कुटायला डंकावर गेल्यात, न्हायतर तेच बोलले असते तुमच्याशी — तुमी नाकाला ओढणी का लावली? आन् मघापासनं माझ्या पाठीमागं काय बघताय सारखं? काय हाय आत?

खोबरं.

कवापासनं येतुया तुमाला करपल्याचा वास? मग बोलला का न्हाय? — बघत व्हता. मला येतुया का न्हाय, ते बघत व्हता.

झालं न्हवं तुमचं काम? उठा आता. मेहरीन यायच्या आत जावा. दार सताड उघडं ठेवा जाताना, आन् वट्यावर जरा थांबा — वास गेला का, तेवढं मला सांगा, मग जावा.