एक बदाम म्हणजे पाच

...आणि वर म्हणतात, हा विरंगुळ्याचा खेळ आहे. विरंगुळा? तुम्हाला सांगते, तेरा पत्ते हातात धरून मला जेवढा घाम फुटतो तेवढा बाळंतपणात फुटला नव्हता. का, तर ब्रिजमध्ये 'एक बदाम' अशी पहिली बोली लावली, की तुमच्याकडे बदामाचे निदान पाच पत्ते आहेत असं भिडूनं समजायचं. बोलायचं एक, असायचे पाच. आणि माझी भिडू कोण? सासूबाई.

काय बाई आहे हो ती... स्वतःचे पत्ते एकदाच बघतात, मग तुमच्याकडे बघतात, की तुमचेही बघून झाले. त्यांची बावीस वर्षांची भिडू परगावी गेली, क्लबातले दातांचे डॉक्टर जोडी करायला एका पायावर तयार, तरी या म्हणाल्या, "आधी सुनेला बघते." बघते! म्हणजे कालची स्पर्धा माझी परीक्षाच की.

शेवटचा डाव. बाहेर नवरा बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालतोय, बाळाला दात येतायत, ते किंचाळलं की माझं मोजणं गेलंच... दोन, तीन... भूक लागली असेल का... चार, पाच. "एक बदाम." सासूबाई लगेच, "चार बदाम." माझे पाच, त्यांचे तीन, बिनधास्त. आता चार म्हणजे काय, तर दहा हात करायचे. एक म्हणजे पाच, चार म्हणजे दहा, आणि माझ्याकडे गणिताची पदवी आहे, हसू नका.

डावीकडून चौकटची उतारी आली. मी चौकट शोधतेय, तर एक बदामांत दडून बसलेली. लाल ती लाल. म्हणजे बदाम चारच. डाव मी खेळायचा, म्हणून सासूबाईंचे पत्ते टेबलावर उघडे, अशा वेळी त्यांनी बोलायचं नाही हा नियम, पण भुवईला तर नियम नाही ना? तीही हलली नाही. नऊ हात झाले, एक कमी पडला, पहिला नंबर गेला.

डॉक्टर टपलेलेच. "काय ताई, चारावरच एक बदाम? पुढच्या वेळी मी बसू का?"

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला भिडू आहे."

गाडीत मी म्हटलं, "आई, चुकलंच माझं."

"तू एक म्हणालीस, मी पाच धरले. पुढच्या वेळीही पाचच धरणार."

जरा रागावल्या असत्या, तर सुटले असते हो मी.