मोहाच्या स्पिरिटवर गेलेली मॉरिस

ता. १७ एप्रिल १९८०, सकाळी ११ वाजता

मी रुपराव मारोतराव भोयर, वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी मोटार मिस्त्री, शिक्षण मराठी चौथी, राहणार हुडकेश्वर, नागपूर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला यायला दोन दिवस उशीर झाला, त्याची माफी असावी. उशीर भीतीने झाला. भीती कशाची ते पुढे येईल.

माझी मुलगी जया, वय २२, हिंगणघाटला दिली आहे. तिचे पहिले बाळंतपण आहे. सातव्या महिन्यात माहेरी आणायची रीत आहे, पण पेट्रोल मिळेना म्हणून मी आज-उद्या करत राहिलो. नववा लागला. माझी पत्नी तुळसाबाई एसटीने आणा म्हणाली. परंतु मुलीला स्वतःच्या गाडीने नेईन, असे मी लग्नातच व्याह्यांना बोललो होतो. त्यांनी पत्रात विचारले की, गाडी दसऱ्याला हार घालण्यापुरती आहे काय.

माझी गाडी लहान मॉरिस, हिरवी, जुनी आहे. मी ती पेट्रोल आणि स्पिरिट दोन्हीवर चालेल अशी केली. थोड्या पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापले की कॉक फिरवून स्पिरिटवर घ्यायची. स्पिरिट जास्त लागते, म्हणून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे तेल येण्याचे भोक, मोठे केले. स्पिरिट मी मोहाफुलांचे शेतात गाळले, तीनदा, आणि पाणी काढायला कळीचा चुना टाकला. परवाना नाही. पिण्यासाठी नव्हते.

मंगळवारी ता. १५ रोजी सकाळी ६ वाजता माझा मुलगा मनोहर, वय ३४, गाडी घेऊन निघाला. मागे स्पिरिटचा एक कॅन होता. संध्याकाळपर्यंत परत येणार होता. आला नाही. बुधवारी मी प्रताप नगरच्या दुकानातून ट्रंक कॉल लावला. व्याही म्हणाले, दोघे मंगळवारी दुपारी १२ वाजताच निघाले.

आणखी एक सांगायचे राहिले. टाकीतून इंजिनाला पेट्रोल-स्पिरिट नेणाऱ्या नळीत वीतभर तुकडा जुन्या रबराचा आहे. स्पिरिटने रबर फुगते आणि गळू लागते, हे मला ठाऊक होते. तांब्याची नळी टाकायची राहिली. निघताना मनोहरने बॉनेट उघडून विचारले, "बाबा, हा पाइप ओला काहून हाय गा?" मी म्हणालो, "पुसून टाक. काही होत नाही. जयाले मागं बसव." स्पिरिट पेटले तर उन्हात ज्योत दिसत नाही, हे मी त्याला सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने गाडी नेली नसती.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. हद्दीवर कॅन सापडून दोघे कुठल्या ठाण्यात बसवलेले असतील, असे मी धरून आहे. तसे असेल तर स्पिरिट माझे आहे, मुलांचे नाही. मला अटक करावी. तिकडच्या सर्व ठाण्यांना वायरलेसने विचारावे आणि जे असेल ते लवकर कळवावे. मी घरी जात नाही, बाहेरच्या बाकावर आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. पाइपची गोष्ट मी पुन्हा वाचायला लावली. ती तशीच आहे, बाकीचेही मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : रुपराव मारोतराव भोयर