लंगूर म्हणजे कोण?

हॅलो? हॅलो, ताई? अगं, किती वेळ फोन करतेय!… ते राहू दे, आधी ऐक. पोरीनं बाथरूमला आतून कडी लावून घेतलीय. तोंड घासतेय… साबणानं नाही गं, भांड्यांच्या पावडरीनं! घासणीचा आवाज बाहेर येतोय… हो, हो, ठोकलं दार. हात दुखायला लागले माझे.

काय झालं म्हणून काय विचारतेस? काल स्पीकरवर ओरडलीस ना, 'माझं लंगूर कुठाय?' तिच्या मैत्रिणी इथंच बसल्या होत्या. आज वर्गाच्या ग्रुपवर तिच्या फोटोशेजारी काळ्या तोंडाचं माकड… हो ना. सगळे खिदळले. आता म्हणते, मावशीसुद्धा लहानपणापासून मला काळतोंडीच म्हणत आली.

ए, रडू नकोस! तू रडलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?… नाही, तिला नाही देता येणार, तुझा आवाजही नको म्हणते. तू मला सांग, मी दाराबाहेरून ओरडून तिला सांगते. का ठेवलंस असलं नाव?

काय?… लांगूल? म्हणजे शेपूट… बरं. त्यावरून लंगूर, शेपूटवाला. तोंडाचा काही संबंधच नाही?… बाळा, ऐकलंस का? लंगूर म्हणजे शेपूटवाला! संस्कृतातून आलाय शब्द, मावशी तेच शिकवते ना!

ताई… ती म्हणते, अर्थ काय चाटायचाय? त्या माकडाचं तोंड काळंच असतं ना?… सांग ना गं, मग तिलाच हे शेपूटवाल्याचं नाव का?

अं?… हो, आठवतंय. लहानपणी ही तुझं बोट सोडायची नाही. स्वयंपाकघरात, गच्चीवर, तू आंघोळीला गेलीस की दाराशी फतकल मारून… हो, हो, सगळे म्हणायचे, ताईला शेपूट फुटलं… म्हणून होय? थांब. बाळा! अगं, तू मावशीचं शेपूट होतीस, म्हणून लंगूर! दुसरं काही नाही गं, शप्पथ!

…थांबलं. घासायचं थांबलं, ताई. श्श… काहीतरी म्हणतेय. विचारतेय, शेपूट मी, तर मग लंगूर कोण?

खरंच की! शेपूटवाली तर तूच!… हसू नकोस, मलाही रडता रडता… कडी वाजली. अगं बाई गं! गाल सोलवटलेत, ताई. लालबुंद झालेत… नाही, काही लावत नाही, थेट डॉक्टरकडेच नेते. निघालीस? ये, ये.

काय गं बाळा?… ताई, ऐक, काय म्हणतेय. 'लंगूरला म्हणावं, लवकर ये. शेपूट वाट बघतंय.'

…ठेवते.