समुद्रातला म्हसोबा

सुट्टीवर? कोण म्हणलं कल्याण सुट्टीवर आलाय? आमची सून द्वारकाबाई म्हणली का? मंग ऐका पाव्हणं, बदनापुराहून पोरीसाठी घर पाहायला आले, तर बराबर ऐका — नातवाला कामावरून काढलंय. हां, हाकलला. तुम्ही म्हणाल, म्हातारा सोयरीक मोडायला बसला का? बिलकुल न्हाई! चूक पोराची न्हाई, त्या विमानतळवाल्यांची हाय. समुद्रात भर टाकून जमीन करून राह्यले, म्हणे तिच्यावर परदेशातली विमानं उतरणार. हा तिथं डंपरवर व्हता. म्या इचारलं, एवढी नवी जमीन, मंग शिवंवर राखणदार कोण? म्हणला, आबा, कॅमेरे हायेत. कॅमेरे! — मंग मीच एक दगड धुतला, शेंदूर लावला, चिवड्याच्या पिशवीत घातला न् म्हणलं, जमीन सरती न् पाणी लागतं, तिथं ह्यो म्हसोबा ठिव. पोरानं ठिवला, अगदी कडंला. आता मला काय ठाऊक, ती जमीन वाढत जाती म्हणून? आपली कधी वाढली का? भर टाकत टाकत समुद्र गेला लांब, न् म्हसोबा आला धावपट्टीच्या ऐन मधी!

तवर बिहारी, बंगाली, सगळे तिथं चपला काढायला लागल्ते, रोज नारळ. साहेब आला, म्हणला हलवा. कोण हलवतो? आपल्या जुन्या जालन्याचा जीशान व्हता रोलरवर, त्यो म्हणला, "साब, मेरा इनसे कुछ लेना-देना नै, पन हात मैं बी नै लगाता." हसता काय? तुमच्या शिवंवर हाय ना म्हसोबा? मंग दाखवा हलवून! — काम ठप. साहेबानं इचारलं, कुणी बसवला? सगळे आपापल्या बुटाकडं पाहायला लागले. न् आमचं येडं पुढं झालं, "मी." अरे, आबानं दिला म्हणायचं! मला कोण काढणार व्हतं? मी काय डंपर हाकतो? न्हाई घेतलं माझं नाव. अजून न्हाई घेत, आईपाशी बी न्हाई... थांबा, तंबाखू थुकून येतो.

हां. तर काढला बी, न् वर म्हणले, जाता जाता तेवढा दगड घेऊन जा! हाये का लाज? हाकललेल्या माणसाकडून काम करून घेतलं. आता हितं आल्यापासून तोंड लपवून बसलाय, न् माय लोकांना सुट्टी सांगती. मंग सांगा, पोरगी द्यायला नोकरी पाहिजे का माणूस? — उठले? उठा, जावा. तुमच्यासारखे लई आले न् गेले, आम्हाला काय कमी हायेत का सोयरे? गाडी तिकडं हाय तुमची, लिंबाखाली... अहो, तिकडं कुठं चालले? त्यो गोठा हाय! तिथं कल्याण शेण काढून राह्यला —

त्यालाच भेटायचंय? बरं. बरं, जावा. पण मी सांगितलं म्हणू नका. मी काही बोललोच न्हाई. जावा ना जल्दी, सून येईल!