तिच्या पहिल्या नवऱ्याला दिलेला शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आदरणीय रब्बी, आपल्या ज्यू समाजाच्या अंत्यसेवा मंडळाचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तेव्हा पाच मिनिटं किती लांब असतात, ते कृपया माझ्यावर सोडा.

तुम्ही सगळे ज्यांना मावशी म्हणता, त्या माझ्या पत्नी. बत्तीस वर्षं त्यांनी या मंडळात एकच काम केलं. आपल्यातलं कुणी गेलं, की त्याचे शेवटचे पांढरे कपडे शिवले. श्रीमंत असो की गरीब, कापड तेच. खिसा नाही, कारण बरोबर न्यायचं काही नाही. आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. जो सुटून निघालाय त्याला आणखी कशाला अडकवायचं? आता डोळे साथ देत नाहीत म्हणून त्या सुई खाली ठेवताहेत. मेलेल्या माणसाची सेवा ही सगळ्यात खरी सेवा, कारण तो उलटून आभार मानू शकत नाही, असं आपल्याकडे मानतात. म्हणून आज त्या सगळ्यांच्या वतीनं बोलायला मला उभं केलं असावं. माझा चेहराही साधारण तसाच आहे.

त्या या कामात आल्या त्या पहिल्या यजमानांमुळे. ते छापखान्यात होते, ऐन चाळिशीत गेले. त्यांचे कपडे मंडळातल्या बायकांनी एका दुपारीत शिवून दिले. दुखवट्याचे दिवस सरल्यावर ही बाई स्वतःची कात्री घेऊन मंडळाच्या खोलीत येऊन बसली, ती आजपर्यंत.

माझी पहिली पत्नी गेली तेव्हा ही माझ्या घरी माप विचारायला आली. तासातला सेकंद मला सांगता येतो, पण बायकोची उंची सांगता येईना. तिनं एका शब्दानं टोचलं नाही. कपाट उघडलं, एक झगा काढला, टेपनं मोजला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. ती घडी माझ्या पत्नीच्या घडीसारखीच होती. मी तेव्हा रडलो. आज सांगायला लाज वाटत नाही.

मग दोन वर्षांनी माझ्या कोटांच्या बाह्या वारंवार उसवू लागल्या. का हसता? कोट जुने होते.

मी लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझी जागा ठरलेली आहे. दफनभूमीत यजमानांच्या शेजारी तिची जागा राखून ठेवली होती. आणि नुसती जमिनीवरची नाही. नवरा-बायकोचे आत्मे मुळात एकच असतात, जन्माला येताना दुभंगतात, आणि मरणानंतर पुन्हा भेटतात, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. मग दोन नवरे झाले तर वर कुणाची? मी रब्बींकडे धाव घेतली. ते इथे बसलेत, खोटं बोललो तर कान धरतील. ते म्हणाले, काहींच्या मते ती पहिल्याची, पण सगळ्यांचं एकमत नाही. मात्र एक गोष्ट नक्की सांगितलेली आहे. मूल जन्मण्याच्या कितीतरी आधी स्वर्गातून आवाज येतो, की अमक्याची मुलगी अमक्याला. हे पहिल्या लग्नाचं. दुसरं लग्न मात्र माणसाच्या करणीवर ठरतं, आणि ते जुळवणं देवालाही समुद्र दुभंगून वाट काढण्याइतकं जड जातं.

हे ऐकून मला भलताच उत्साह आला. पहिल्याला आयतं मिळालं, मला कमवायचं होतं!

लग्नाआधी गेलेल्यांना थडग्यापाशी जाऊन आमंत्रण द्यायची आपली रीत. बहुतेक लोक आईवडिलांना बोलावतात. आम्ही आधी माझ्या पहिल्या पत्नीला बोलावलं, मग हिच्या यजमानांना. तुम्हीच सांगा, बायकोच्या नवऱ्याला स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण कसं द्यायचं? मी टोपी सारखी केली, आपल्या रिवाजाप्रमाणे थडग्यावर एक खडा ठेवला आणि जे तोंडात आलं ते बोलून गेलो. "साहेब, सांभाळीन. आणि वेळ आली की तुमच्या शेजारी आणून पोहोचवीन. माझा शब्द." ही बाजूला उभी होती. बाहेर पडताना फाटकापाशी तिनं पहिल्यांदा माझा हात धरला.

लग्नात काय झालं ते जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्यात नवरदेव मांडवात घालतो तो माझा पांढरा झगा हिनंच शिवला होता. हाताला इतक्या वर्षांची सवय! दोऱ्याला कुठेच गाठ नाही. मांडवाखाली अंगठी घालायला हात पुढे केला आणि अख्खी बाही सरसर उतरून रब्बींच्या पायाशी पडली. रब्बींना आशीर्वाद तीनदा सुरू करावा लागला. आणि ही? ओढणीआड इतकी हसत होती की सगळा मांडव हलत होता.

त्याला एकोणीस वर्षं झाली. मंडळी, आता खरं बोलतो. तो शब्द मला पाळवत नाही. त्या भल्या माणसाशी माझं भांडण नाही, दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला मी हिच्याबरोबर जातो, दगड पुसतो. पण गेल्या वर्षी परत येताना माझ्या मनात आलं, की हिला कायमचं इथे सोडून जायचं असेल तर मी कशाला सांभाळतोय? आठ दिवसांपूर्वी जेवताना मी हे हिला बोलून टाकलं. म्हटलं, मला तुम्हाला कुणाच्या हवाली करायचं नाही.

तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "दिलेला शब्द पाळायचा. जमिनीवर मी तिथेच जाणार. तुम्हीही तुमच्या बायकोशेजारी जाल, ती वाट बघत असेल." मग उठून कपाटातून एक पांढरं गाठोडं आणलं. मंडळासाठी शिवलेलं तिचं शेवटचं काम. सदरा, विजार, झगा, पट्टा, टोपी. माझे. डोळ्यांना दिसत नसताना, दुपारी खिडकीशी बसून, मला न कळू देता शिवलेले.

"वर कोण कुणाचं ते देव बघेल," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्या हातचं घालूनच त्याच्यापुढे उभं राहायचं. त्यालाही कळू दे, ह्या माणसाला घर होतं."

मग मी आपलं विचारलं, एकदा अंगावर घालून माप बघू का?

ती म्हणाली, "घाई नाही. तुमचं माप मला पाठ आहे."

मंडळानं हा सोहळा केला, तुम्ही वेळ काढून आलात, त्याबद्दल दोघांतर्फे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा पाच मिनिटं जरा सैल झाली असतील, तर उदार मनानं पदरात घ्या. बसतो.